अर्धं तुझ्या वहीत

मायक्रोस्कोपखाली स्लाइड सरकवण्याआधी गिरिजाक्का तिला “या, बसा” म्हणत. दिवसात चाळीस स्लाइड बघायच्या असल्या तर चाळीस वेळा. आवाज अगदी हळू, पण दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसा अगत्याचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय. मी वळून पाहिलं. दार बंद होतं.

“तुला नाही ग म्हटलं,” डोळा न उचलता त्या म्हणाल्या. “हिला म्हटलं. कुणाच्या तरी अंगातून निघून इथवर आलीय. बस म्हणायला नको?”

डॉ. गिरिजा हंचाटे. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत त्या तीस वर्षं पेशींवर काम करत होत्या. सडसडीत बांधा, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, त्यावर पांढरा कोट, पायात मोजे आणि त्यावर चपला. केसांत रोज मोगऱ्याचा गजरा. पेशी वाढवायच्या खोलीत फूल न्यायची सोय नव्हती, म्हणून आत जाताना त्या गजरा काढून दाराच्या कडीला अडकवून ठेवत आणि बाहेर येताना परत माळत. दाराला गजरा असला की अक्का आत आहेत, हे साऱ्या मजल्याला कळायचं.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेलं, नगरथपेटेतल्या गल्लीत कापड रंगवण्याचा धंदा करणारं. घरात मराठी टिकून होतं, पण त्याला कानडीची फोडणी बसली होती. माझ्या पुणेरी कानांना ते आधी गमतीचं वाटायचं. “स्वल्प थांब”, “सरी, सरी, ठीक आहे”, “बेडा ग, नको मला”. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, “हस की. तुझं मराठी इस्त्रीचं आहे, माझं अंगावरचं.” आणि स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं, “आमच्या घरात तीन पिढ्या कापड रंगवलं, मी पेशी रंगवते. धंदा तोच, गिऱ्हाईक बारीक झालं.”

मी समाजशास्त्राची. सर्जापूर रोडला राहते, लोकांच्या मुलाखती घेते, वह्या भरते. आमची गाठ पडली ती एका संयुक्त प्रकल्पामुळे. होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसणाऱ्या साठ बायका आम्ही घेतल्या होत्या. प्रश्न असा होता, की रोजच्या कामाची धास्ती, अपुरी झोप, घरची ओढाताण हे सगळं शरीरात किती खोल जातं? पेशीपर्यंत पोचतं का? मी बायकांशी बोलायचं. अक्कांनी त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवून, रंगवून, आत कितपत मोडतोड झाली ते मोजायचं. मग दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघायचं.

पहिल्याच बैठकीत मी जरा तोऱ्यात म्हणाले होते, की पेशीला काय कळणार घरात काय चाललंय ते. अक्कांना राग आला नाही. “पेशी खोटं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “पण अर्धंच बोलते. उरलेलं अर्धं तुझ्या वहीत.” त्यानंतर त्या माझी वही मागायच्या. रोज नव्हे, पण भेटल्या की. “आज कोण काय म्हणालं, सांग की स्वल्प.” मी हसून टाळायचे, कारण नियम होता.

तो नियम मीच लिहिला होता. बाईचं नाव फक्त माझ्याकडे, नंबर फक्त प्रयोगशाळेत. कोणता नंबर कोणाचा याची एकच यादी. रक्त घेणाऱ्या नर्सने ती भरून माझ्यासमोर पाकिटात सील केली आणि ते पाकीट माझ्या खोलीतल्या पोलादी कपाटात गेलं. उघडायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी हवी. नियमाला कारण होतं. कारखान्याच्या ऑफिसातला एक माणूस मला दोनदा गोड बोलून विचारून गेला होता, की कुणाकुणाची तब्येत बरी नाही तेवढं कळलं तर बरं. आजारी बाईचं पुढे काय होतं, हे बायकांना पक्कं ठाऊक होतं. मी एकेकीसमोर बसून शब्द दिला होता, तुझं नाव आणि तुझं रक्त कधी एकत्र येणार नाही. त्या शब्दावर त्यांनी हात पुढे केले होते.

एका मंगळवारी सकाळी अक्का माझ्या खोलीत आल्या. अंगात कोट तसाच होता. प्रयोगशाळेचा कोट घालून बाहेर पडणाऱ्यांवर त्या ओरडायच्या, म्हणून ते माझ्या लगेच लक्षात आलं.

“मेधा, सत्तेचाळीस कोण?”

“अक्का, तुम्हाला माहितीये, मला सांगता येत नाही.”

त्या समोर बसल्या. “तिच्या रक्तात कोवळ्या पेशी आहेत. हाडाच्या आत राहायचं वय त्यांचं, आणि बाहेर फिरतायत. एक-दोन नाहीत, खूप आहेत.”

“म्हणजे काय?”

“ब्लड कॅन्सर असू शकतो. नसूही शकतो. मोठा जंतुसंसर्ग झाला तरी कधी कधी असं दिसतं. स्लाइडवरून एवढंच कळतं. बाईला समोर बघायला पाहिजे. रक्त घेऊन बारा दिवस झालेत.”

मी पुन्हा नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

“सरी. मला नाव नको सांगू. तू एकटी पाकीट उघड, तू जा, तिला दवाखान्यात घेऊन जा. मी इथेच बसते. कोण होती म्हणून नंतरही विचारणार नाही.”

“पाकीट उघडणं म्हणजेच नियम मोडणं, अक्का. मी आजच कमिटीला लिहिते. दोन-तीन दिवसांत होईल.”

“दोन-तीन दिवस,” त्या म्हणाल्या. उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “स्वल्प लवकर कर ग.”

मी त्याच दिवशी लिहिलं. कमिटीने पॅथॉलॉजिस्टचं मत मागवलं. पॅथॉलॉजिस्टने लिहिलं, एका स्लाइडवरून सांगता येत नाही, नवा नमुना हवा. नवा नमुना घ्यायचा तर बाई कोण ते कळायला हवं, आणि ते कळायला परवानगी हवी, म्हणून पुन्हा कमिटी. एक सदस्य परदेशी गेले होते. बैठक एकदा पुढे गेली, मग आणखी एकदा. अक्का दिवसाआड अकरा वाजता माझ्या दारात येऊन उभ्या राहत. “आलं?” मी नाही म्हणायचे. त्या मान हलवून जायच्या. एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला निदान त्यांचा राग तरी करता आला असता.

पाचव्या आठवड्यात परवानगी आली. मी अक्कांना खोलीत बोलावून त्यांच्यासमोर पाकीट फोडलं. सत्तेचाळीससमोर नाव होतं भाग्या. वय सव्वीस.

चेहरा लगेच डोळ्यांपुढे आला. कॉलर शिवायच्या लायनीतली, गालावर तीळ असलेली मुलगी. मुलाखतीच्या वेळी तिने आपल्या डब्यातला चित्रान्नाचा भात माझ्यापुढे केला होता. मी तिच्याबद्दल काय लिहिलं होतं ते मात्र आठवेना. आम्ही तशाच निघालो. मुलाखतींची वही माझ्या पिशवीत होती. गाडीत ती काढून बघावी असं मला सुचलं नाही.

कारखान्यात कळलं, भाग्या महिनाभर कामावर नाही. तिच्या लायनीतल्या एकीने खोलीचा पत्ता दिला. वसाहतीच्या मागे पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक रांग होती, तिच्या टोकाची खोली. दार उघडं होतं. भिंतीवर फोटो, फोटोला झेंडूचा हार. हार अजून पुरता सुकला नव्हता.

अक्कांनी तो माझ्याआधी पाहिला. त्यांनी बाहेरच चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. आतून एक तिशीचा माणूस बाहेर आला. तो भाग्याचा नवरा, नागराज. गोदामाचा टेम्पो चालवायचा. ती जाऊन अकरा दिवस झाले होते.

तो कानडीत बोलत होता आणि अक्का मला मराठीत सांगत होत्या. आधी थकवा, मग ताप. जवळच्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी गेली. शेवटी शेवटी तो तिला उचलून मोरीपर्यंत न्यायचा, इतकी हलकी झाली होती. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणली असती तर काही करता आलं असतं.

मग तो काहीतरी बोलला आणि अक्का थांबल्या. त्यांनी मला सांगितलं नाही. त्याने परत तेच सांगितलं, स्वतःच्या दंडावर हात ठेवून.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“तिच्या हातांवर निळे डाग यायचे म्हणे. पहिल्यापासून. ताप यायच्याही आधी.” अक्का माझ्याकडे बघत होत्या. “म्हणतायत, शेजारच्या बायका त्यांच्याकडे वाईट नजरेने बघायच्या. मी तिला कधी हात नाही लावला, अम्मा, म्हणतायत.”

मला माझ्या वहीतलं पान आठवलं.

परत येताना गाडी कृष्णराजपुरमच्या पुलाआधी अडकली. मी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि अक्कांपुढे धरलं. रक्त घेतलं त्याच दिवशीची मुलाखत होती. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘दोन्ही दंडांवर निळे-जांभळे डाग. माझं लक्ष गेलं तसा पदर ओढून घेतला. नवऱ्याचा मार? बोलायची इच्छा दिसत नाही. विचारू नये.’

अक्कांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“डाग मला कळले असते ग,” त्या म्हणाल्या.

एवढंच. कोवळ्या पेशी आणि अंगावर निळे डाग, हे दोन्ही एकत्र ऐकलं असतं तर त्यांना कमिटी लागली नसती, पॅथॉलॉजिस्ट लागला नसता. जंतुसंसर्गाची शंका तिथेच संपली असती, आणि त्या कारखान्याच्या दारात जाऊन बसल्या असत्या. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते ओठांवर न येताही ऐकू आलं. गाडी सुटल्यावर, खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “मला पण एवढं सुचलं नाही. साठजणींना परत बोलवायचं होतं. पुन्हा रक्त द्या म्हणायचं, कारण सांगायचं नाही. नाव लागलंच नसतं. पाच आठवडे तुझ्या दारात उभी राहिले, पण हे सुचलं नाही.”

मारतहळ्ळीला मी उतरले तेव्हा त्यांनी वही परत दिली. तोवर ती त्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हात तिच्यावर.

त्यानंतर अक्का कामाला येत होत्या, काम चोख करत होत्या. फक्त मोजताना फरक पडला होता. स्लाइडच्या पेट्या त्या मोठ्याने मोजून लावायच्या. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. मग क्षणभर थांबायच्या, “भाग्या” म्हणायच्या आणि अठ्ठेचाळीसवर जायच्या. कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे. त्यांना स्वतःला कळत होतं की नाही, कोण जाणे. दुसऱ्या प्रकल्पांच्या पेट्या मोजतानाही सत्तेचाळीस हा आकडा त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

माझ्या मागे दुसरंच लागलं होतं. मला दंड दिसायला लागले. बसमध्ये वरची दांडी धरलेल्या बायकांचे, फुलवालीचे, आमच्या सोसायटीत झाडणाऱ्या बाईचे. मी प्रत्येकीच्या दंडावर डाग शोधायचे. एकीच्या हातावर खरंच एक निळा वळ होता. मी दोन दिवस तिच्याभोवती घुटमळले आणि काही न विचारता परत आले. त्याच सुमारास माझ्या लेखाचा मसुदा पुरा झाला होता. त्यात घरातल्या हिंसेवर एक परिच्छेद होता आणि त्या परिच्छेदात एक ‘सव्वीस वर्षांची कामगार’ होती. मी ती ओळ खोडली. पण वाचताना डोळा त्या जागी अडखळायचाच.

मोजमाप संपल्यावर अक्कांनी ठरवलं, की उरलेल्या एकोणसाठ बायकांना त्यांचा निकाल हातात द्यायचा, कानडीत लिहून, समोर बसून. प्रकल्पात तशी तरतूद नव्हती, म्हणून नावं आणि नंबर जुळवायला कमिटीची पुन्हा परवानगी काढली. मी म्हणाले, भाग्याचा विषय निघाला तर? आपण काही बोलायला नको, कमिटीने तसं कळवलंय.

“निघू दे की,” अक्का म्हणाल्या.

एका रविवारी कारखान्याजवळच्या शाळेचा वर्ग मिळाला. अर्ध्याअधिक बायका आल्या. लहान मुलांच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या. अक्का एकेकीजवळ जाऊन कागद देत होत्या, समजावत होत्या, “तुम्ही ठीक आहात, पण झोप फार कमी आहे तुमची.” मग मागच्या बाकावरची एक वयस्क बाई उभी राहिली. इस्त्रीच्या विभागात होती, सगळ्या तिला मानायच्या.

“भाग्याचं रक्तपण घेतलं होतं ना?” तिने विचारलं. एवढी कानडी मला कळत होती.

“हो,” अक्का म्हणाल्या.

“तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं होतं. मला संशय आला होता, आणि मी तुमच्यापर्यंत पोचले नाही. माझी चूक आहे.”

मी खिडकीपाशी उभी होते. यादी कोणाच्या कपाटात होती, पाकीट उघडायला कोण नाही म्हणालं, डाग कोणी बघितले होते, यातलं काहीच अक्का बोलल्या नाहीत. आणि मी पुढे झाले नाही. कानडी नीट येत नाही, आत्ता बोललं तर गोंधळ होईल, अशी कारणं त्या क्षणी भराभर सुचत गेली.

त्या बाईने आपला कागद घडी घालून बाकावर ठेवला. “आम्ही परत रक्त देणार नाही,” ती म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे आणखी सात-आठ जणींनी कागद तसेच ठेवले.

“सरी,” अक्का म्हणाल्या. “देऊ नका.”

उरलेल्या बायकांना त्यांनी कागद समजावून दिले. शेवटची बाई गेल्यावर बाकांवरचे कागद गोळा केले, त्यावरची नावं वाचली आणि पिशवीत ठेवले. पुढचे कित्येक रविवार त्या होसकोटेला जात राहिल्या. त्या कागदांतले बरेचसे घरी जाऊन दिले. सगळे नाही.

त्या जाण्या-येण्यात त्या नागराजकडेही जात. एकदा त्यांनी त्याला ती गोष्ट सांगितली, जी मला वाटायचं कधीच सांगू नये. भाग्याच्या पेशी अजून आमच्याकडे होत्या. प्रत्येकीच्या रक्तातल्या थोड्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायच्या, अशी पद्धत असते. ऊब मिळाली की त्या पुन्हा जाग्या होतात.

“जिवंत?” नागराजने विचारलं.

“हो,” अक्का म्हणाल्या. “त्या अर्थाने, जिवंत.”

तो दुसऱ्याच आठवड्यात आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं, तेव्हा अक्का स्वतः खाली गेल्या आणि त्याला वर घेऊन आल्या. इस्त्री केलेला शर्ट होता, केस ओले करून विंचरले होते. सासुरवाडीला जाताना माणूस जातो तसा तो आला होता. अक्कांनी आदल्या दिवशी थोड्या पेशी जाग्या करून ठेवल्या होत्या. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग मान न उचलता विचारलं, “यातली भाग्या कुठली आणि रोग कुठला?”

अक्का तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत आल्या होत्या. त्या स्टुलाशेजारी खाली वाकल्या, त्याच्या कानाच्या उंचीला आल्या.

“ते मला वेगळं करता येत नाही, अण्णा.”

त्याने पुन्हा बघितलं. “मग ठेवा,” तो म्हणाला. “कुणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे. पण नंबर नको. नाव लिहा.”

अक्कांनी टाकीतून तिच्या उरलेल्या पेशींची नळी काढली आणि न पुसल्या जाणाऱ्या पेनने, कानडी अक्षरांत, त्याच्यासमोर नाव लिहिलं. हे नियमाविरुद्ध आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी काही बोलले नाही. त्या वेळी गप्प बसणं बरोबर होतं, आणि आयुष्यात मी नेमकी तेवढ्याच वेळी बरोबर गप्प बसले असं मला कधी कधी वाटतं.

वार्षिक तपासणीत ती नळी सापडली. अक्कांना खुलासा मागणारा मेमो आला. त्यांनी उत्तर दिलं ते दोन ओळींचं होतं. ‘नाव तिच्या नवऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलं आहे. पुसणार नाही.’ निवृत्तीला चार महिने उरले होते. ते त्यांनी प्रयोगशाळेबाहेर, एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसून, जुने अहवाल तपासत काढले. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी घेऊ दिला नाही. “बेडा,” म्हणाल्या. “चहा पाज, जाते.” मी चहा पाजला. त्या निघाल्या तेव्हा मला सांगायचं होतं, की वर्गात मी पुढे व्हायला हवं होतं. मी सांगितलं, रिक्षा बोलावू का.

पुढे मी नगरथपेटेला त्यांच्याकडे जात राहिले. गप्पा व्हायच्या. त्या मला शिकवल्यासारखं काही बोलल्या नाहीत. एकदाच, ताटात भात वाढताना, मधूनच म्हणाल्या, “नागराजला तू अजून भेटली नाहीस.” मी म्हटलं, जाईन. त्यांनी ताक वाढलं.

गेल्या श्रावणात एका सकाळी पूजेची फुलं निवडत असताना अक्का गेल्या. मला फोन आला तेव्हा मी मुलाखत घेत होते. स्मशानात घरची माणसं होती, संस्थेतले चौघे-पाच, होसकोटेच्या तीन बायका. त्यांत इस्त्रीच्या विभागातली ती वयस्क बाईही होती. आणि नागराज. तो शेवटपर्यंत थांबला. सगळे पांगल्यावर तो टेम्पोकडे निघाला, आणि मी त्याच्यामागे गेले.

माझी कानडी अजूनही मोडकीच आहे. पण त्या दिवशी दुभाषी उरला नव्हता.

“भाग्याच्या हातावरचे डाग मी बघितले होते,” मी म्हणाले. “ती आजारी पडायच्या आधी. माझ्या वहीत लिहून ठेवले. मला वाटलं, तुम्ही मारता. नावांची यादीपण माझ्याकडेच होती. ती उघड, असं अक्का म्हणाल्या होत्या. मी उघडली नाही. अक्कांची चूक नव्हती.”

तो टेम्पोच्या दाराला टेकून उभा राहिला. त्याने मला ओळखलं होतं, पण आता तो पहिल्यांदा बघत असल्यासारखं बघत होता.

“शेजारच्या बायकांनाही तेच वाटायचं,” तो म्हणाला. “पण त्या तिला विचारायच्या. ती हसायची, म्हणायची, हा कसला मारतोय, झुरळाला घाबरतो.” त्याने खिशातून किल्ली काढली. “तुम्ही तिला का नाही विचारलंत?”

तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तिच्या खासगी दुःखाचा मान राखावा म्हणून. आमच्या विषयात तसं शिकवतात म्हणून. हे सगळं कानडीत कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं, आणि मराठीतही ते मला तेव्हा म्हणता आलं नसतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

त्याने क्षमा केली असं काही झालं नाही. त्याने टेम्पोचं दार उघडलं, चढला, किल्ली फिरवली. मी बाजूला सरकले. मग त्याने दुसऱ्या बाजूचं दार आतून ढकललं.

“कुठे राहता?”

“सर्जापूर रोड.”

“मारतहळ्ळीपर्यंत सोडतो. बसा.”

मी चढून बसले. गाडी रस्त्याला लागली. दोन सिग्नल ओलांडले. तिसऱ्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी त्याला विचारलं, की भाग्या कशी होती.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सिग्नल सुटला. त्याने गियर टाकला.

“फार बोलायची,” तो म्हणाला.